तुकडी कशी जुळवावी?

कल्पित साहसाचा खेळ, ज्यास इंग्रजी नांवानें ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात, तो आतां आपल्या वसतिगृहांतहि येऊन पोहोंचला आहे. शनिवारीं दुपारीं जेवणाच्या मेजाभोंवतीं चार-पांच मुलें कागद, पेन्सिली आणि नाना पैलूंचे फासे घेऊन बसलेलीं तुम्हीं पाहिलीं असतील. या खेळांत प्रत्येक गडी एका कल्पित पात्राचें सोंग घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो डोंगर, गुहा, राक्षस, बाजार यांचें वर्णन करतो. बाकीचे आपापलें पात्र काय करतें तें सांगतात, आणि यशापयश फाशांवर व नियमांवर ठरतें. एकत्र प्रवासास निघालेल्या या पात्रांच्या समूहास आम्ही या लेखांत ‘तुकडी’ म्हणूं. तुकडी जुळवितांना कोणत्या भूमिका घ्याव्या आणि त्यांचा तोल कसा राखावा, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो तोल राखतांना आमच्याच हातून एक चूक घडली व एक मुलगा खेळ सोडून गेला, म्हणून आम्हांस तो क्षुल्लक वाटत नाहीं. ती हकीकत ओघानें पुढें येईल.

प्रथम थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. सन १९७४ मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत राहणारे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटा संस्थानांत राहणारे डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं हे दोघे खेळण्यांतील शिपाई मांडून युद्धाचे डाव खेळत असत. तशा डावांत एका गड्याच्या हातीं सबंध सैन्य असतें. घोडदळ किती, तिरंदाज किती, हें तो एकटाच ठरवितो. नव्या खेळांत मात्र प्रत्येक गड्याच्या हातीं एकच माणूस आला. वाचकांनीं हा फरक नीट लक्षांत घ्यावा. सेनापतीनें सैन्याचा तोल राखणें हें हिशेबाचें काम आहे. परंतु जेथें प्रत्येक माणसामागें एक स्वतंत्र मन बसलेलें आहे, तेथें तोल हा सर्वांच्या संमतीवांचून राहूं शकत नाहीं. या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें बीज येथेंच आहे.

मूळच्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरु. धर्मगुरूस तेथें ‘क्लेरिक’ असें नांव आहे. या वर्गाच्या जन्माची कथा मौजेची आहे. आर्नेसन यांच्या मंडळींत एक गडी रक्तपिपासु पिशाचाचें पात्र घेऊन खेळत असे. तें इतकें प्रबळ झालें कीं, त्यास आवर घालण्यासाठीं पिशाचांस पिटाळून लावणारा कोणी तरी निर्माण करणें भाग पडलें. त्यांतून क्लेरिक उत्पन्न झाला. पुढें १९७५ सालीं निघालेल्या पुरवणींत चौथा वर्ग आला, तो चोर. कुलपें उघडणें, सांपळे शोधणें, पाय न वाजवितां पुढें जाणें, हीं त्याचीं कामें. म्हणजे हे वर्ग कोणीं एका बैठकींत आंखणी करून ठरविले नव्हते. जसजशी उणीव भासली, तसतशी ती भरून काढणारी भूमिका पुढें आली. भूमिकेचा खरा अर्थ हाच. भूमिका म्हणजे दुसऱ्याच्या उणीवेवर धरलेला हात.

येथें दुसरी एक गोष्ट दिसून येते. रचनाकारांनीं प्रत्येक वर्गास जशी शक्ति दिली, तशी उणीवहि मुद्दाम दिली. सन १९७८ च्या नियमपुस्तकांत लढवय्यास कोणतेंहि शस्त्र व कोणतेंहि चिलखत वापरण्याची मोकळीक आहे, परंतु मंत्र येत नाहींत. क्लेरिक जखमा बऱ्या करतो व चिलखतहि घालतो, परंतु धारेचें शस्त्र त्यास वर्ज्य. त्यानें गदा अथवा सोटा वापरावा. चोर फार उपयोगी, परंतु त्याच्या अंगावर चामड्याचेंच कवच. मांत्रिकास तर चिलखत मुळींच नाहीं, आणि आरंभीं दिवसाला एकच मंत्र. तो संपला म्हणजे बिचाऱ्याच्या हातीं खंजीर तेवढा राहतो.

आतां थोडें गणित करूं. पात्राच्या अंगीं किती आघात सोसण्याचें बळ आहे, हें ‘हिट पॉइंट’ या नांवाच्या गुणांनीं मोजतात. त्याच पुस्तकाप्रमाणें पहिल्या पायरीवरील लढवय्याचे गुण दहा पैलूंच्या फाशानें ठरतात, क्लेरिकचे आठ पैलूंच्या, चोराचे सहा पैलूंच्या, व मांत्रिकाचे अवघ्या चार पैलूंच्या. समजा, समोरच्या राक्षसाचा एक टोला दहा पैलूंच्या फाशाइतका आहे, आणि तो टोला लागला. मांत्रिकाच्या अंगीं १ गुण असेल तर तो निश्चित पडतो. २ असतील तर दहांत नऊ वेळां पडतो. ३ असतील तर आठ वेळां. ४ असतील तर सात वेळां. या चारांची सरासरी काढली म्हणजे शंभरांत ८५ वेळां मांत्रिक एका टोल्यांत आडवा होतो. लढवय्याचा हिशेब याच रीतीनें केला तर आंकडा ५५ येतो. शिवाय जड चिलखतामुळें त्यास टोला लागण्याचाच संभव कमी. यावरून लढवय्यानें पुढें व मांत्रिकानें मागें कां राहावें, हें निराळें सांगावयास नको.

मग सर्वच लढवय्ये कां घेऊं नयेत, असें कोणी विचारील. नव्या गड्यांची तुकडी बहुधा अशीच निघते. पहिल्या लढाईंत ती शोभून दिसते. परंतु लढाईनंतर जखमा राहतात. आणि जुन्या नियमांत विश्रांतीनें दिवसाला एकच गुण भरून येतो. चौघांनीं मिळून वीस गुण गमावले असतील, त्यांत एकट्यानेंच आठ, तर त्या एकास आठ दिवस निजून राहावें लागेल. तेंच क्लेरिकच्या एका प्रार्थनेनें एक ते आठ गुण तत्काळ परत येतात. पुढें कुलूपबंद दार आलें कीं चौघे वीर दार फोडूं लागतात, आणि त्या आवाजानें गुहेंतले सारे राक्षस जागे होतात. उलट, चारी मांत्रिक घेतले तर पहिल्या लढाईंत चार मंत्रांनीं शत्रु झोपीं जातील, आणि दुसऱ्या लढाईस चार खंजीर उरतील. ‘तूंहि राणी, मीहि राणी, मग भरील कोण पाणी,’ ही आपली म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

पुढील काळांतील नियमांनीं हें परस्परावलंबन आणखी घट्ट केलें. सन २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत चोराचें नांव ‘रोग’ असें आहे. हा शब्द आपल्या भाषेंतील आजार नव्हे, तर इंग्रजींतील लबाड मनुष्य होय. आम्ही त्यास चोरच म्हणूं. त्याचा मर्मावरील वार एरव्हीं योग्य संधि मिळाल्यावांचून बसत नाहीं. परंतु त्याचा एखादा सोबती शत्रूच्या पांच फुटांच्या आंत उभा असला, तर तो वार बहुधा साधतो. म्हणजे चोराची धार त्याच्या मित्राच्या पायांत आहे! तसेंच, मांत्रिकाचे पुष्कळसे मंत्र त्यानें मन एकाग्र ठेवलें तरच टिकतात; त्यास घाव लागला कीं एकाग्रता सुटण्याचें भय असतें. तेव्हां जो लढवय्या मांत्रिकापुढें उभा राहून घाव स्वतःवर घेतो, तो त्या मंत्राचाहि निम्मा धनी आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हीच योजना संगणकावरील खेळांनींहि उचलली. सन १९८१ च्या ‘विझर्ड्री’ या खेळांत सहा जणांची तुकडी असे. पुढच्या रांगेंतील तिघांनींच शस्त्रानें लढावें, मागील तिघांनीं मंत्र व इतर कामें पाहावींत, असा नियम. जपानांत १९८८ सालीं निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेच्या तिसऱ्या भागांत एक फारच मार्मिक योजना आहे. तेथें गांवच्या खाणावळींत जाऊन नायकानें तीन सोबती निवडावयाचे असतात: योद्धा, मल्ल, मांत्रिक, पुरोहित, व्यापारी, आणि एक विदूषक. विदूषक लढाईंत हुकूम ऐकत नाहीं, वेळीं-अवेळीं चाळे करतो, आणि हिशेबी खेळाडूस तो तुकडींत नकोसा होतो. परंतु जो त्यास धीरानें विसाव्या पायरीपर्यंत नेतो, त्यास पुढें एका मंदिरांत त्या विदूषकाचा ऋषि करतां येतो. हा ऋषि मांत्रिकाचे व पुरोहिताचे असे दोन्ही प्रकारचे मंत्र शिकतो. इतरांस ऋषि व्हावयाचें तर एक दुर्मिळ ग्रंथ मिळवावा लागतो. विदूषकास मात्र तो लागत नाहीं. वर्गांतील शेवटच्या बांकावरील मुलांविषयीं ही कथा आम्हां शिक्षकांस पुष्कळ शिकविते.

सन २००८ च्या चौथ्या आवृत्तींत रचनाकारांनीं चार भूमिकांस उघड नांवें दिलीं. शत्रूस अडवून धरणारा तो रक्षक. एकाच शत्रूवर जबर प्रहार करणारा तो प्रहारक. अनेक शत्रूंस एकदम आवरणारा व रणभूमीची मांडणी बदलणारा तो नियंता. चौथा, जखमा बऱ्या करणारा व सोबत्यांचें बळ वाढविणारा. त्यास नांव दिलें ‘लीडर’, म्हणजे पुढारी. नियमांत त्यास हुकूम करण्याचा कोणताहि जास्त अधिकार नाहीं. जो बांधतो, उठवितो, दुसऱ्याचा हात बळकट करतो, तोच पुढारी. आपल्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या नांवाचें आश्चर्य वाटणार नाहीं.

परंतु नांव मोठें दिलें म्हणून काम करावयास माणसें पुढें येतात असें नाहीं. संगणकावरील ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत पांच जणांच्या तुकडीस एक रक्षक, एक वैद्य व तीन प्रहारक लागतात. प्रहारक होण्यास पुष्कळ तयार असतात. पुढें उभें राहून मार खाण्यास व मागें राहून जखमा पुसण्यास थोडे. अखेर २०११ सालीं त्या खेळाच्या चालकांस, ज्या भूमिकेस माणसें कमी पडतील ती पत्करणारास अधिक बक्षीस देण्याची योजना करावी लागली. मनुष्यस्वभाव मेजावर असो कीं पडद्यावर असो, सारखाच.

आतां आमची हकीकत. गेल्या पावसाळ्यांत मैदान बंद होतें, म्हणून पांच मुलांस घेऊन आम्हीं शनिवारीं हा खेळ सुरू केला. पांचव्या आवृत्तीचे मूळ नियम विनामूल्य मिळतात. त्यांच्या २०१४ च्या पुस्तिकेंत लढवय्या, क्लेरिक, चोर व मांत्रिक हे चारच वर्ग होते, म्हणून आरंभास ते बरे वाटले. सूत्रधार आम्ही झालों. कांहीं पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, ज्या खेळांत मंत्र व पिशाचें आहेत तो ख्रिस्ती मुलांनीं खेळावा काय? ही शंका नवी नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अनेक ख्रिस्ती लोकांनीं या खेळाविरुद्ध मोठें काहूर उठविलें होतें. पालकांच्या मनांतील काळजी आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. आम्हीं त्यांस मेजाजवळ बसून पाहण्यास बोलाविलें. परंतु त्या मेजावर जें वाईट घडलें तें मंत्रांमुळें घडलें नाहीं. तें आमच्या शब्दामुळें घडलें.

तीन मुलांनीं चटकन् लढवय्ये घेतले. चौथ्यानें मांत्रिक घेतला. पांचवा आठवींतला, त्याच वर्षीं वसतिगृहांत आलेला. त्यानें हळूच विचारलें, “सर, मी चोर होऊं का?” आम्हीं तुकडीच्या यादीकडे पाहिलें आणि म्हणालों, “अरे, सर्वांस बरें करणारा कोणी तरी हवाच. तूं सर्वांत लहान आहेस, तूं क्लेरिक हो.” तो ‘बरें’ म्हणाला.

तीन शनिवार खेळ चालला. कागदावर तुकडी चांगली होती. परंतु त्याची पाळी आली कीं तिघे एकदम ओरडत, “मला बरें कर!” एकदां त्यानें गदा उचलून एका राक्षसावर चालून जाण्याची इच्छा दाखविली, तर सगळे त्याच्यावर रागावले. तिसऱ्या शनिवारीं दोघांस उठवून तो स्वतः पडला. त्यास उठविणारा कोणी नव्हता. बाकीचे खजिन्याची पेटी उचलून बाहेर पळाले, आणि बाहेर जाऊन हंसूं लागले. सूत्रधार म्हणून आम्हीहि हंसलों, हें कबूल केलें पाहिजे.

चौथ्या शनिवारीं त्याचें पोट दुखत होतें. पांचव्या शनिवारीं तो व्हरांड्यांत एकटा पुस्तक घेऊन बसला होता. आम्हीं जवळ जाऊन विचारलें, “येत नाहींस?” तो म्हणाला, “सर, त्यांना मी नको, औषधाच्या बाटल्या हव्या आहेत. पुस्तकांत पन्नास मोहरांना एक मिळते.”

आम्हीं पुस्तक पाहिलें. किंमत बरोबर होती.

त्या रात्रीं आम्हीं पवित्र शास्त्रांतील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसावा अध्याय उघडला. दावीद सहाशें माणसें घेऊन अमालेकी लोकांच्या पाठलागास निघाला, तेव्हां दोनशें माणसें थकून बसोर ओढ्याशीं सामान राखीत राहिलीं. चारशें जण लूट घेऊन परतले, तेव्हां त्यांतील कांहीं दुष्ट म्हणूं लागले कीं, मागें राहिलेल्यांस लुटींत वांटा देऊं नये. दावीदानें तें मानलें नाहीं. लढाईवर जाणारा व सामानापाशीं बसणारा या दोघांस सारखा वांटा, असा त्यानें निर्बंधच करून टाकला. आमच्या खेळाच्या नियमांतहि अनुभवाचे गुण सर्वांस सारखे वांटावे असेंच आहे, आणि तसे ते आम्हीं वांटलेहि होते. मग चुकलें कोठें? गुण वांटले, मान वांटला नाहीं, आणि निवडहि वांटली नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहितांना शरीराच्या अवयवांचा जो दृष्टान्त दिला आहे, तो आम्ही वर्गांत कितीदां तरी शिकविला. परंतु स्वतःच्या मेजावर तो आम्हांस आठवला नाहीं.

पुढील शनिवारीं आम्हीं चौघांस त्याचें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें. उपदेश केला नाहीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दहावींतला मुलगा, जो सर्वांत मोठ्यानें ओरडत असे, तो म्हणाला, “सर, मी क्लेरिक होतों. जड चिलखत घालणारा क्लेरिक असतो ना? मग मी पुढें उभा राहीन.” तें खरें होतें, नियमांत तसा क्लेरिक आहे. धाकट्याची चोराची जागा मोकळी ठेवली. त्या शनिवारीं तो आला नाहीं. त्यापुढच्या शनिवारीं आला व मेजाच्या टोंकाशीं बसला. पहिल्या लढाईंत दहावींतल्या मुलानें आपलें पात्र राक्षसाच्या अगदीं लगत नेऊन ठेवलें, आणि धाकट्याकडे वळून विचारलें, “मी इथें उभा राहूं का? म्हणजे तुझा वार बसेल.” धाकट्यानें फासा उचलला.

या अनुभवावरून तुकडी जुळविण्याचे जे नियम आम्हांस सुचले, ते क्रमानें देतों.

पहिला नियम: प्रवास कोणता, हें सूत्रधारास आधीं विचारावें. प्रेतांच्या थडग्यांत उतरावयाचें असेल तर क्लेरिकवांचून गत्यंतर नाहीं. राजदरबारांतील कारस्थान उलगडावयाचें असेल तर गोड बोलणारा पाहिजे. रानांतून जावयाचें तर वाट ओळखणारा पाहिजे. जी तुकडी एका कामास समतोल, ती दुसऱ्या कामास लंगडी ठरेल.

दुसरा नियम: पात्रांचीं नांवें लिहिण्यापूर्वीं कागदावर पांच प्रश्न लिहावे. पुढें कोण उभा राहील? जखम कोण बांधील? वाट, कुलूप व सांपळा कोण पाहील? अनेक शत्रु एकदम आले तर त्यांस कोण आवरील? अनोळखी माणसाशीं कोण बोलेल? पांचहि प्रश्नांस उत्तर मिळालें म्हणजे तुकडी तयार झाली, मग वर्ग कोणतेहि असोत.

तिसरा नियम: प्रत्येक प्रश्नास एक मुख्य व एक दुय्यम उत्तर असावें. एकच वैद्य असला व तोच पडला, तर सारी तुकडी पडते. आमच्या तिसऱ्या शनिवारीं हेंच झालें. इतरांनीं चार औषधाच्या बाटल्या जवळ बाळगल्या तरी पुष्कळ काम होतें. परंतु सर्वांनींच सर्व थोडें थोडें शिकूं नये. नाहीं तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते.

चौथा नियम: गडी थोडे असतील तर भूमिका जोडाव्या. दोघेच असतील तर चिलखतधारी क्लेरिक व चोर ही जोडी बरी. पुढें उभें राहणें व जखम बांधणें हीं दोन्हीं कामें एकाकडे येतात. तिसरा मिळाला तर मांत्रिक घ्यावा. जी उणीव तरीहि राहील, ती सूत्रधारानें ध्यानांत ठेवून प्रवास आंखावा. मुलांस अडविण्यासाठीं कुलूप ठेवूं नये.

पांचवा नियम: पात्र कोणतें घ्यावें हें सर्वांत धाकट्यानें अथवा सर्वांत नव्यानें प्रथम सांगावें, आणि ज्यास खेळाचा सराव जास्त, त्यानें शेवटीं उरलेली जागा भरावी. उरलेली भूमिका चांगली वठविण्यास कसब लागतें. तें कसब सरावलेल्यापाशींच असतें. शिवाय दर प्रवासास भूमिका बदलाव्या, म्हणजे एकाच्याच माथीं एकच काम बसत नाहीं.

सहावा नियम: ज्याची पाळी त्याचा निर्णय. वैद्याजवळ मदत मागावी, हुकूम करूं नये. नव्या नियमांत वैद्यास एक छोटा मंत्र असा दिला आहे कीं, तो दुरूनच सोबत्यास उठवून त्याच पाळींत स्वतः गदेनेंहि लढूं शकतो. रचनाकारांनाहि हें कळलें होतें कीं, नुसत्या जखमा पुसण्यांत कोणाचें मन रमत नाहीं. त्याच्या इच्छेस वाव ठेवावा.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही शाळेंतून बाहेर पडाल तेव्हां तुम्हांस अनेक तुकड्यांत जागा घ्यावी लागेल: कुटुंबांत, मंडळींत, कचेरींत, गांवांत. तेथेंहि कोणी पुढें उभा असेल, कोणी मागें सामान राखीत असेल. यादी पुरी भरली म्हणजे तोल साधला, असें समजूं नका. जो सर्वांस बरें करतो, तो पडला तर त्यास कोण उठविणार, हा प्रश्न एकदां मेजाभोंवतीं मोठ्यानें विचारा. आमच्या वसतिगृहांत हल्लीं प्रत्येक प्रवासाच्या आरंभीं तो विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा आठवींतला तोच मुलगा असतो.